‘एएएए’ नावाचा पहारेकरी

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

सप्रेम नमस्कार. मी डोंबिवलीत राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर गेली चार वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. ६४ सभासद आहेत. मेंटेनन्सची बिलं, सभेची नोटीस, इतिवृत्त, सगळं सोसायटीच्या जीमेलवरून जातं. मागच्या महिन्यात माझ्या दिरांनी एक युक्ती पाठवली. कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये ‘एएएए’ नावाची एक नोंद करायची आणि तिच्यापुढे खोटा ईमेल पत्ता घालायचा. व्हायरस यादीतल्या पहिल्या नावापासून सुरुवात करतो, पहिलाच पत्ता खोटा निघाला की तो तिथेच अडकतो, आणि मेल परत आला की आपल्यालाही कळतं, असं त्यात लिहिलं होतं. शेवटी ‘सर्व ओळखीच्यांना पाठवा’ असंही होतं. मी तशी नोंद केली आणि चांगल्या हेतूने सगळ्या सभासदांनाही पाठवली.

दहा दिवसांनी दोन सभासदांना सोसायटीच्या नावाने मेल आला : ‘थकबाकीचे विवरण सोबत जोडले आहे, फाइलचा पासवर्ड १२३४.’ सोबत झिप फाइल. एकांनी उघडण्याआधी मला फोन केला. दुसऱ्यांनी उघडली. ते म्हणतात, काहीच दिसलं नाही. परवाच्या सभेत ते सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, व्हायरस तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, तुम्हीच पसरवताय.” माझ्याकडे तर एकही मेल परत आलेला नाही. युक्ती चुकीची केली का मी? की खरंच माझ्यामुळे हे झालं? पद सोडून द्यावं असं वाटतंय.
– एक सेक्रेटरी

ताई, नमस्कार.

बाकीचं नंतर वाचा. आधी ज्या सभासदांनी ती फाइल उघडली त्यांना फोन करा. सभेत त्यांनी तुम्हाला सुनावलं, तरी करा. झिप उघडली आणि ‘काहीच दिसलं नाही’ म्हणजे काहीच झालं नाही असं समजू नये. अशा फाइलचं काम पडद्याआडच चालतं. त्यांना सांगा : लॅपटॉपचं वायफाय बंद करा. त्या लॅपटॉपवरून बँकेच्या साइटवर जाऊ नका. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून, म्हणजे फोनवरून किंवा मुलांच्या कॉम्प्युटरवरून, बदला. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस असतोच, त्यातला ऑफलाइन स्कॅन चालवा. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेत कळवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची आशा असते, उद्या करू म्हटलं की ती कमी होत जाते.

केलात फोन? आता तुमच्या प्रश्नांकडे येतो.

युक्ती तुम्ही बरोबरच केली होती. ती युक्तीच चालत नाही.

ही युक्ती नवी नाही. पंचवीसेक वर्षांपासून ती या मेलबॉक्समधून त्या मेलबॉक्समध्ये फिरते आहे, आणि इतकी टिकली कारण ऐकायला पटते. तिच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. २६ मार्च १९९९ला ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस पसरला. वर्डच्या फाइलमधून यायचा, आणि ती उघडली की आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममधल्या ॲड्रेस बुकच्या पहिल्या ५० नावांना स्वतःला पाठवून द्यायचा. पुढच्या वर्षी, ४ मे २०००ला, फिलिपाइन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ आला. त्याने पन्नासावर न थांबता सगळं ॲड्रेस बुक घेतलं. यावरून लोकांनी मनाशी एक चित्र बांधलं : व्हायरस यादी उघडतो, वरून एकेक नाव घेत खाली येतो, आणि पहिल्या पायरीवर ठेच लागली की गडगडतो.

पण मेल तसा जात नाही. पोस्टमनच्या पिशवीत पन्नास पत्रं आहेत आणि पहिल्या पत्रावरचा पत्ता चुकीचा आहे असं समजा. पोस्टमन ते एक पत्र ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा मारून परत पाठवतो आणि उरलेली एकोणपन्नास घरोघर टाकतो. पिशवी घेऊन ऑफिसात परत जात नाही. मेल सर्व्हरही तेच करतो. मेलिसाच्या काळातसुद्धा खोट्या पत्त्याने एक मेल परत आला असता, आणि तो तुमच्या नजरेस पडेपर्यंत बाकीचे कधीच पोचले असते.

आणि मेलिसा आता इतिहासजमा झाला. त्यानंतर व्हायरस लिहिणाऱ्यांनी ॲड्रेस बुकवर अवलंबून राहणंच सोडलं. २००१च्या अखेरीस निघालेला आणि २००२ साली जगभर धुमाकूळ घातलेला ‘क्लेझ’, २००३चा ‘सोबिग’, २००४चा ‘मायडूम’, हे सगळे मेल पाठवायची यंत्रणा स्वतःबरोबरच घेऊन यायचे. आउटलुकला विचारायचेही नाहीत. कॉम्प्युटरवरच्या फाइली, साठवलेली वेब पानं, जुने मेल चाळायचे आणि जिथे पत्ता दिसेल तिथून उचलायचे. त्यांच्या दृष्टीने ‘पहिलं नाव’ असं काही नव्हतंच. यांची एक खोड तुमच्या प्रकरणात फार महत्त्वाची आहे : पाठवणाऱ्याच्या जागी ते त्याच सापडलेल्या पत्त्यांपैकी भलत्याचाच पत्ता घालायचे. म्हणजे मेल परत आलाच, तर तो ज्याच्या मशीनमध्ये व्हायरस आहे त्याच्याकडे येत नाही, ज्याचं नाव वापरलं त्या निरपराध माणसाकडे जातो. तुमचा ‘एएएए’ रात्रभर जागला असता, तरी त्याची हाक तुमच्यापर्यंत पोचली नसती.

इथे माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो, कारण तुमच्या सभेतला तो प्रसंग वाचताना मला तीच आठवत होती.

२००२ साल. मी पुण्यात एका छोट्या छापखान्याचे कॉम्प्युटर बघायचो. विंडोज ९८ची दोन मशीनं, कर्रकर्र आवाज करणारा मोडेम, आणि तासाच्या हिशेबाने वापरायचं इंटरनेट. ही खोट्या पत्त्याची युक्ती तेव्हाही फिरत होती. मी दोन्ही मशीनवर ती केली आणि निर्धास्त झालो. थोड्याच दिवसांत आमच्या तीन गिऱ्हाइकांचे फोन आले : अमुक कागदवाल्याकडून आम्हाला व्हायरसचे मेल येताहेत, तुमच्या ओळखीचे आहेत, जरा सांगा त्यांना. मी ताडकन फोन उचलला आणि कागदवाल्या काकांना चांगलंच फैलावर घेतलं. वयाने वडिलांएवढा माणूस. ते एवढंच म्हणाले, “बघतो मी.” त्यांनी कोणाला तरी बोलावून मशीन फॉरमॅट करून घेतलं. त्यात दोन वर्षांच्या उधारीच्या नोंदी गेल्या. बॅकअप नव्हता.

दोन महिन्यांनी एका मित्राने नव्या अँटीव्हायरसची सीडी आणली. क्लेझ सापडला तो आमच्याच डीटीपीच्या मशीनमध्ये. काकांचा पत्ता आमच्याकडे होता, गिऱ्हाइकांचे पत्तेही आमच्याकडेच होते. तो आमच्या मशीनवरून काकांच्या नावाने त्यांना मेल पाठवत बसला होता. मी दुकानात जाऊन माफी मागितली. काकांनी चहा मागवला, एक शब्द वावगा बोलले नाहीत. पुढचे चार रविवार मी त्यांच्या दुकानात बसून जुन्या बिलबुकांवरून नोंदी परत भरल्या. सगळ्या भरता आल्या नाहीत, काही बिलबुकं वाळवीने खाल्ली होती.

तेव्हा तुमच्या सभासदांनी तुमच्याशी जे केलं, तेच मी काकांशी केलं होतं. मेलवर नाव कोणाचं आहे यावरून तो कोणी पाठवला हे ठरत नाही. आता तुमच्या बाबतीत खरं काय झालं ते तपासता येतं, आणि तेवढं तुम्ही तपासाच.

ज्यांनी फोन करून विचारलं त्या सभासदांकडे जा. तो मेल फॉरवर्ड करायला सांगू नका, त्यांच्या मशीनवरच बघा. फाइलला हात लावायचा नाही. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं की त्यामागचा पूर्ण पत्ता दिसतो. नाव सोसायटीचं आणि पत्ता भलताच असेल, तर कोणीतरी तुमच्या नावाची पाटी लावून दुसऱ्याच घरातून मेल टाकला आहे. तुमच्या खात्याचा त्यात हात नाही. माझा कयास असा आहे की तेच निघेल. पत्ता अगदी तुमचाच दिसला, तरी घाबरू नका. मेल जीमेलवर आला असेल तर तो कॉम्प्युटरवर उघडून उजवीकडच्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ दाबा. वर एसपीएफ, डीकेआयएम अशा ओळी दिसतील. मेल खरंच त्या पत्त्याच्या सेवेतून आला का, याच्या या तपासण्या. तिथे ‘फेल’ असेल तर पत्ता बहुधा खोटा लावलेला आहे. दोन्हींपुढे ‘पास’ असेल, डीकेआयएमपुढे ‘जीमेल डॉट कॉम’ हेच नाव असेल आणि पत्ताही हुबेहूब तुमचाच असेल, तर मात्र मेल तुमच्याच खात्यातून गेला आहे. तुमच्या ‘सेंट’मध्ये तो दिसतो का तेही बघा, पण तिथे नसला म्हणून निश्चिंत होऊ नका. आत शिरलेला माणूस पाठवून झाल्यावर पुसूही शकतो.

खात्यातूनच गेला असेल तर तो व्हायरसपेक्षा पासवर्डचा प्रश्न आहे. इथे मला सोसायट्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलायचंय. सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड किती जणांना माहीत असतो? आधीच्या सेक्रेटरींना, खजिनदारांना, बिलं बनवणाऱ्या मुलाला. बऱ्याच ऑफिसांत तर तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चार कमिट्यांपूर्वीच्या अध्यक्षांचा असतो, ते आता मुलाकडे कॅनडात राहतात. एवढ्या हातांतून फिरलेली किल्ली कुठे पडली हे कोण सांगणार? पासवर्ड बदला, रिकव्हरीचा नंबर तुमचा घाला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवरून आणखी एक खात्री) चालू करा, आणि सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ जरूर उघडून बघा. आत आलेला माणूस तिथे एक ओळ घालून ठेवतो, म्हणजे पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात. हे सगळं मेल तुमच्या खात्यातून गेला नसेल तरी करा.

आता थोडं अवघड बोलतो, राग मानू नका. युक्तीचा तो मेल तुम्ही ६४ जणांना पाठवलात तेव्हा सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात होते का? असतील तर त्या एका मेलमध्ये सोसायटीचं नाव, सेक्रेटरीचं नाव आणि ६४ सभासदांचे पत्ते अशी तयार यादी ६४ मेलबॉक्समध्ये जाऊन पडली. त्यातल्या एकाच्या मशीनमध्ये जरी काही शिरलेलं असलं, तरी यादी बाहेर गेली. असंच झालं असं मी म्हणत नाही. पण मेल दोघांनाच आला आणि त्यात ‘थकबाकी’ हा सोसायटीतलाच शब्द नेमका आला, यावरून पाठवणाऱ्याच्या हाती तुमचा एखादा जुना मेल असावा असं मला वाटतं. ‘एमोटेट’ नावाचा व्हायरस पसरवणाऱ्या टोळीने हे तंत्र फार वापरलं : लोकांचे खरे जुने मेल चोरायचे आणि त्याच संभाषणात ‘सोबत फाइल पहा’ म्हणून उत्तर घालायचं. जानेवारी २०२१मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्यांची यंत्रणा मोडली, त्याच नोव्हेंबरात ती परत उभी राहिली. तेव्हापासून ‘ओळखीच्या माणसाचा मेल आहे, विषयही ओळखीचा आहे’ एवढ्यावर भरवसा टाकणं मी सोडून दिलं आहे. यापुढे सभासदांचे पत्ते नेहमी ‘बीसीसी’मध्ये घाला, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

त्या मेलमध्ये एक खूण होती, ती सगळ्यांना दाखवण्यासारखी आहे. झिपला पासवर्ड आहे आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिला आहे. दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच अडकवून ठेवायची, असं कोण करेल? चोरापासून जपायला ते कुलूप नाहीच. मेल सेवेची तपासणी यंत्रणा झिपच्या आत डोकावून बघते, कुलूप असलं की तिला आतलं दिसत नाही. कुलूप तिच्यासाठी असतं आणि किल्ली तुमच्यासाठी. बँका किंवा आयकर खातं पासवर्डवाली फाइल पाठवतात तेव्हा पासवर्ड तुमच्या जन्मतारखेवरून, पॅनवरून बनवायला सांगतात, मेलमध्ये ‘१२३४’ लिहून देत नाहीत.

तुमच्या दिरांचा दोष नाही, हेही लिहून ठेवतो. भाऊजींनी काळजीपोटी पाठवलं, तुम्ही काळजीपोटी पुढे पाठवलंत. असल्या सूचना याच काळजीवर जगतात. २००२मध्ये एक सूचना फिरली होती : तुमच्या कॉम्प्युटरवर ‘जेडीबीजीएमजीआर’ नावाची, टेडी बेअरचं चित्र असलेली फाइल आहे का बघा, असेल तर तो व्हायरस आहे, ताबडतोब उडवा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. फाइल सगळ्यांकडे सापडायची, कारण ती विंडोजचीच होती. लोकांनी आपल्या हाताने आपल्या मशीनमधली चांगली फाइल पुसली आणि इतरांनाही पुसायला लावली. व्हायरस कुठे नव्हताच, तरी पसरणं त्याच्यासारखंच. म्हणून ज्या सूचनेच्या शेवटी ‘सर्वांना पाठवा’ असेल, ती पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

मग एकही साधी युक्ती कामाची नाही का? आहेत. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट आपण होऊन लपवतं. ‘आय लव्ह यू’मधल्या फाइलचं नाव ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असं होतं. शेवटचं ‘व्हीबीएस’, म्हणजे हा चालणारा प्रोग्रॅम आहे ही खूण, लपलं, लोकांना वाटलं साधा मजकूर आहे, आणि उघडली. इतक्या वर्षांनंतरही ती सवय गेलेली नाही. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. एकदाच करायचं काम आहे. ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असलं काही आलं तर लगेच डोळ्यांत भरेल. वर्ड किंवा एक्सेलची फाइल वर पट्टी दाखवून ‘एनेबल कंटेंट’ म्हणाली तर दाबू नका. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेल्या आज्ञा, मायक्रोसॉफ्टने २०२२पासून आपण होऊनच अडवायला सुरुवात केली, तेव्हा सोसायटीच्या कॉम्प्युटरवरचं एमएस ऑफिस जुनं असेल तर नवं घ्या. विंडोज १०ला सुरक्षेची नेहमीची अपडेट्स मिळणंही ऑक्टोबर २०२५मध्ये संपलं, तेही बघा. मशीनमध्ये काही शिरल्याची शंका असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मोफत साधनं मिळतात.

हाच खेळ आता व्हॉट्सॲपवर जास्त चालतो. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलान अशा नावांनी ‘एपीके’ शेपटाची फाइल येते. ती फोनवर बसवली की मेसेज वाचते, ओटीपीसकट. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप कधीच नसते. सोसायटीच्या ग्रुपवर हेही सांगा.

पण या सगळ्यांपेक्षा जी गोष्ट खरोखर चालली ती तुमच्याच पत्रात आहे. एका सभासदांनी फाइल उघडण्याआधी तुम्हाला फोन केला : हे तुम्हीच पाठवलंय का? तो मेल त्यांच्या घरात तिथेच थांबला. तुमच्या ‘एएएए’ला जे जमलं नाही ते त्या एका फोनने केलं. त्यांनी तो केला, कारण तुम्हाला विचारायला त्यांना संकोच वाटत नाही. ज्यांनी उघडली त्यांनी मात्र कोणाला सांगितलं नाही, मनात ठेवलं, आणि भरसभेत ते रागाच्या रूपाने बाहेर पडलं. फाइल उघडल्यावर माणसाला लाज वाटते आणि तो गप्प बसतो. व्हायरसला पुढे जायला तेवढा वेळ पुरतो.

म्हणून पद सोडू नका. तुम्ही उठून गेलात तर पुढच्या वेळी फाइल उघडणारा प्रत्येक जण तोंड मिटून बसेल. त्याऐवजी आजच नोटीस काढा, बोर्डावर लावा, मेलनेही पाठवा, पत्ते ‘बीसीसी’मध्ये. मजकूर असा चालेल :

“सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ‘थकबाकीचे विवरण’ या विषयाचा मेल सोसायटीच्या नावाने काही सभासदांना आला आहे. तो कमिटीने पाठवलेला नाही. त्यातील फाइल उघडू नये. उघडली असल्यास सेक्रेटरींना फोन करावा, कोणाचेही नाव जाहीर केले जाणार नाही. कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये खोटे नाव घालण्याबाबत माझ्याकडून आलेली सूचना चुकीची होती, ती पुढे पाठवू नये. यापुढे मेंटेनन्सचे बिल फक्त पीडीएफ स्वरूपात येईल. झिप फाइल पाठवली जाणार नाही, तसेच बँक खाते बदलल्याची सूचना मेलने कधीही दिली जाणार नाही. शंका आल्यास कोणत्याही वेळी फोन करावा.”

खाली तुमचा मोबाइल नंबर ठळक अक्षरांत घाला.

आणि ते ‘एएएए’ कॉन्टॅक्ट लिस्टमधून काढून टाका. संध्याकाळी भाऊजींना फोन करून विचारा, ती युक्ती त्यांनी आणखी कोणाकोणाला पाठवली होती.